परसातल्या कोंबड्यांची देवी : एका सोयीस्कर समजुतीचा प्रतिवाद

परसातल्या कोंबड्यांच्या तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती फोड दिसू लागले की खेड्यापाड्यांत, आणि पशुसंवर्धनाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशा अनेकांच्या तोंडूनही, एकच मत ठामपणे ऐकू येते. ही देवी आहे, ती येते आणि जाते. गावठी कोंबडी मुळातच काटक असल्यामुळे तिला औषधपाणी लागत नाही. मरायच्या त्या मरतील, उरतील त्या पुन्हा अंड्यावर येतील. आणि दहा-पंधरा पाखरांसाठी लस टोचणे, आजारी कोंबडी वेगळी ठेवणे हे मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना शोभणारे सोपस्कार आहेत. हे मत इतक्या शांतपणे मांडले जाते की ते पिढ्यांच्या अनुभवाचे सार वाटावे. मात्र त्यातले एकेक विधान सुटे करून पाहिले असता कोणते अर्धवट खरे ठरते आणि कोणते साफ चुकीचे, आणि सगळी मिळून ज्या घरांवर लादली जातात त्या घरांना हा चुकीचा सल्ला परवडणारा नसतो.

‘दहा-पंधरा पाखरांचा प्रश्न’ हे वर्णनच आधी तपासले पाहिजे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते आणि त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसात पाळलेले होते. मागच्या गणनेच्या तुलनेत परसातील ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. दहा-पंधरा पाखरांच्या कोट्यवधी खुराड्यांतून ही संख्या उभी राहते. त्या खुराड्यांमागे बहुतेक ठिकाणी एक बाई असते, जिच्या हातात अंड्यांचे आणि अडीअडचणीला विकलेल्या कोंबड्याचे पैसे थेट येतात, ते कोणाला विचारून खर्च करावे लागत नाहीत, आणि मुलांच्या वह्यांपासून एस.टी.च्या भाड्यापर्यंतच्या गरजा त्यातून भागतात. असे असताना या रोगाला किरकोळ म्हणणे म्हणजे नेमके कोणाचे नुकसान किरकोळ ठरवणे आहे?

रोगाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद निरर्थक ठरतो. कोंबड्यांची देवी हा विषाणूजन्य त्वचारोग आहे. माणसातील देवी, शेळ्या-मेंढ्यांतील देवी आणि गुरांतील लंपी यांचे विषाणू ज्या पॉक्स कुळातले, त्याच कुळातल्या पण केवळ पक्ष्यांना बाधणाऱ्या एका गटातला हा विषाणू आहे. त्याला धडधाकट, अखंड कातडीतून आत शिरता येत नाही. त्याला वाट लागते, आणि ती डासाच्या सोंडेने केलेल्या छिद्रातून, दुसऱ्या कोंबडीने टोच मारून केलेल्या जखमेतून किंवा खुराड्याच्या तारेने पडलेल्या ओरखड्यातून मिळते. आत शिरल्यावर तो कातडीच्या वरच्या थरातील पेशींत वाढतो, त्या पेशी फुगतात आणि त्यांची बेसुमार वाढ होते. सुमारे चार ते दहा दिवसांत पिसे नसलेल्या भागावर, म्हणजे तुऱ्यावर, चोचीखाली लोंबणाऱ्या लोलकांवर, पापण्यांवर आणि चोचीच्या कोपऱ्यांत, आधी पांढुरके बारीक फोड येतात, ते पिवळट होऊन एकमेकांत मिसळतात आणि मग त्यांवर गडद तपकिरी, जवळजवळ काळी, खडबडीत खपली धरते. हा रोगाचा कोरडा प्रकार होय. दुसरा, ओला प्रकार तोंडाच्या आतल्या अस्तरावर, अन्ननलिकेत आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी होतो. तेथे दह्याच्या कवडीसारखे पिवळसर, चिकटून बसलेले थर साचतात आणि ते ओढून काढले तर खालून रक्त येते.

‘येते आणि जाते’ हे विधान यांपैकी फक्त पहिल्या प्रकाराला, आणि त्यातही अर्धवट, लागू पडते. कोरड्या प्रकारात एका कोंबडीची खपली साधारण तीन-चार आठवड्यांत गळून पडते आणि मृत्यूचे प्रमाण कमी असते, हे खरे. परंतु सगळ्या कोंबड्यांना लागण एकाच वेळी होत नाही. रोग एका पाखरावरून दुसऱ्यावर सावकाश सरकत राहतो, त्यामुळे खुराड्यातून तो पुरता जायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात आणि तेवढा काळ अंडी घटलेली किंवा बंद असतात. ओल्या प्रकारात तर ‘जाणे’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही, कारण श्वासनलिकेचे तोंड बुजून कोंबडी गुदमरते आणि वाईट साथीत बाधित पाखरांपैकी निम्म्यापर्यंत दगावू शकतात. कोंबडी मान उंचावून, चोच उघडी टाकून घरघर श्वास घेत असताना ‘आठ दिवस थांबा, आपोआप जाईल’ असे सांगणे हा कोणता अनुभव आहे?

कोरड्या प्रकारातले मृत्यू कशामुळे होतात, याकडे या मताचे पुरस्कर्ते कधीच पाहत नाहीत, आणि त्यांच्या भूमिकेतील सर्वांत मोठी चूक येथेच आहे. पापण्यांवर फोड येऊन दोन्ही डोळे मिटले गेले की कोंबडी आंधळी होते, आणि आंधळी कोंबडी दाणा शोधू शकत नाही. परसात तिला वाडग्यात मोजून खाद्य मिळत नसते. अंगणात, उकिरड्यावर, शेताच्या बांधावर हिंडून तिने आपले पोट भरायचे असते. त्यामुळे जो रोग बंदिस्त पोल्ट्रीत सौम्य ठरतो तोच परसात उपासमारीने जीव घेतो. या मृत्यूला फोड निमित्त होतात. प्रत्यक्षात कोंबडी भूक आणि तहान यांनी, माणसांच्या देखत मरते. हा मृत्यू थांबवायला कोणतेही महागडे औषध लागत नाही. कोंबडी डालग्याखाली वेगळी ठेवून, कोमट मीठपाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पापण्यांवरचा चिकटा दिवसातून दोनदा मऊ करून पुसला, मऊ भात किंवा भिजवलेली कणी हाताने चोचीत घातली आणि चोच पाण्यात बुडवून तिला पाणी प्यायला लावले, तर अशी बरीच पाखरे वाचतात. ‘काही करावे लागत नाही’ हा सल्ला नेमकी हीच साधी शुश्रूषा अडवतो.

याच सल्ल्याला श्रद्धेची जोड मिळते तेव्हा तो अधिक घातक होतो. देवी अंगावर आली आहे, तिला हात लावू नये, असे म्हणून काही घरांत आजारी कोंबडीपासून लोक दूर राहतात. या श्रद्धेमागची भीती समजण्यासारखी आहे, कारण माणसांतील देवीने पिढ्यान्‌पिढ्या घरे रिकामी केली होती. पण माणसांतील देवी कशाने गेली? लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन प्रत्येक फोड आलेला रोगी शोधला आणि त्याच्या आसपासच्यांना टोचले, तेव्हा ती गेली. भारतात १९७५ नंतर तिचा रोगी आढळला नाही आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती जगातूनच नाहीशी झाल्याचे जाहीर केले. ज्या समाजाने स्वतःच्या मुलांच्या बाबतीत हात लावण्याचा, शोधण्याचा आणि टोचण्याचा मार्ग स्वीकारला, त्याने कोंबड्यांच्या बाबतीत हात न लावण्याचा जुना मार्ग का धरून ठेवावा?

गावठी कोंबडीच्या काटकपणाचा मुद्दा सर्वांत जास्त पुढे केला जातो आणि तो सर्वांत कमी तपासला जातो. काटक आहे म्हणून असील किंवा कडकनाथसारखी जात देवीच्या विषाणूपासून सुटत नाही. सर्व वयांच्या आणि सर्व जातींच्या कोंबड्यांना ही लागण होते. अंगणात फिरणाऱ्या प्रौढ कोंबड्यांपैकी अनेक साथीतही निरोगी दिसतात, कारण त्या पूर्वी हा रोग भोगून उठलेल्या असतात आणि एकदा बरी झालेली कोंबडी दीर्घकाळ सुरक्षित राहते. त्यांच्याबरोबर लागण झालेली आणि मेलेली पिल्ले व तलंगा आज अंगणात नाहीत, म्हणून त्या हिशेबातही नाहीत. वाचलेल्यांकडे बोट दाखवून जातीचे गुण सिद्ध करणे म्हणजे मेलेल्यांना पुराव्यातून वगळणे होय. खुडूक कोंबडीखालून प्रत्येक हंगामात नवी पिल्ले निघत असल्यामुळे परसात लागणीला योग्य अशी कोवळी पाखरे कायम असतात. ज्याला काटकपणा म्हटले जाते ती पिल्लांच्या जिवावर दरवर्षी नव्याने विकत घेतलेली प्रतिकारशक्ती असते.

काही न करण्याच्या दुसऱ्या टोकाला भलतेच काही करण्याचा हट्ट आहे, आणि तोही तितक्याच त्वेषाने खोडून काढला पाहिजे. खपल्या नखाने उपटून त्यांवर रॉकेल, डांबर किंवा चुना लावला जातो. उपटलेल्या खपलीखाली उघडी जखम राहते, तिच्यात जिवाणूंचा शिरकाव होतो, आणि ती खपली अंगणात पडली की तिच्यातला विषाणू महिनोन्‌महिने तग धरून राहतो. म्हणजे ज्या हाताने उपचार केला त्याच हाताने पुढच्या लागणीचे बी पेरले जाते. रॉकेलने डोळ्याच्या कडेची कातडी भाजते. कृषी सेवा केंद्रातून आणलेली प्रतिजैविकाची, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या औषधाची, पुडी पाण्यात टाकणे हा आता सर्वमान्य उपाय झाला आहे, परंतु प्रतिजैविकाचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. जखमेत पू झाला असेल तर पशुवैद्याने ते द्यावे, अन्यथा त्याचा अंश अंड्यांत उतरतो आणि ती अंडी घरातलीच मुले खातात. या रोगावर विषाणूनाशक औषध व्यवहारात उपलब्ध नाही. खपलीला पोव्हिडोन आयोडिनचा बोळा लावणे, ती आपोआप गळू देणे, गळालेल्या खपल्या व मेलेली पाखरे जाळणे किंवा चुना टाकून खोल पुरणे, आणि कोंबडीला खाऊपिऊ घालणे, एवढीच खरी व्यवस्था आहे. ओल्या प्रकारात घशातले थर घरी खरवडू नयेत, कारण रक्तस्राव होऊन कोंबडी जागीच गुदमरू शकते.

आणखी एक दावा असा की देवी ओळखायला शहाणपण लागत नाही, ती कोणालाही दिसते. तसे असते तर तुऱ्यावरची प्रत्येक जखम देवी ठरली नसती आणि घरघरणारी प्रत्येक कोंबडी ‘सर्दी झालीय’ म्हणून सोडून दिली गेली नसती. टोचाटोचीत झालेली जखम एकाच जागी असते, तिची कड सपाट असते आणि ती आठवड्याभरात सुकते. देवीचा फोड कातडीतून वर आलेला असतो, त्याच्याभोवती तसेच आणखी फोड येतात आणि काही दिवसांत दुसऱ्या पाखरावरही दिसतात. संसर्गजन्य सर्दीत, जी जिवाणूंमुळे होते, चेहरा सुजतो आणि नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येतो, पण खपल्या नसतात. अ जीवनसत्त्वाच्या अभावानेही घशात आणि अन्ननलिकेत पांढरे बारीक फोड दिसतात. कबुतरांच्या सहवासातून येणाऱ्या एका परजीवीच्या रोगात तोंडात देवीसारखेच पिवळे थर साचतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगात हिरवट हगवण, लुळे पाय, पिळवटलेली मान आणि झपाट्याने होणारे मृत्यू ही लक्षणे असतात. तुरा निळा-काळा पडून एकाच रात्री अनेक कोंबड्या मेल्या तर बर्ड फ्लूची शंका घेऊन, मेलेल्या पाखरांना हात न लावता, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे आवश्यक असते. ही वेगवेगळी संकटे ‘काहीतरी आलंय’ या एका वाक्यात कोंबली की मानमोडीच्या साथीला देवी समजून दिवस वाया जातात आणि देवीच्या आंधळ्या कोंबडीला मानमोडी समजून तिची आशा सोडली जाते.

माणसाला या विषाणूची बाधा होत नाही, आणि कांजिण्यांशीही त्याचा काही संबंध नाही, कारण त्यांचा विषाणू वेगळ्याच कुळातला असतो. सस्तन प्राण्याच्या पेशीत शिरला तरी कोंबड्यांच्या देवीच्या विषाणूला तेथे आपली वाढ पूर्ण करता येत नाही. म्हणून भीतीने आजारी कोंबडी घाईघाईने आठवडी बाजारात नेऊन विकण्याचे कारण उरत नाही. खरे तर या रोगाला एका गावातून दुसऱ्या गावात नेणारा सर्वांत वेगवान वाहक म्हणजे बाजारात नेलेल्या अशा कोंबड्यांची डालगीच असतात. दुसरा वाहक डास. डासाच्या शरीरात हा विषाणू वाढत नसला तरी त्याच्या सोंडेवर तो काही आठवडे टिकतो, आणि एका रात्रीत एकच डास अनेक पाखरांना चावू शकतो. पावसाळ्याच्या अखेरीस आणि हिवाळ्याच्या तोंडावर साथ उफाळते त्यामागे हे कारण आहे. अंगणातल्या करवंट्या, फुटके डबे आणि जुने टायर यांतले साचलेले पाणी ओतून टाकणे आणि खुराड्याला रात्रीपुरती बारीक जाळी लावणे हे घरातल्या माणसांना डासांमुळे येणारा ताप टाळण्यासाठीही करायचेच असते.

आता लसीच्या मुद्द्याकडे यावे, कारण सारा वाद शेवटी तेथेच येऊन थांबतो. या रोगाविषयी विज्ञान अंधारात आहे असे म्हणण्याची सोय कोणालाही नाही. १९३१ मध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात ॲलिस वुडरफ आणि अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या आवरणावर विषाणू वाढवून दाखवला, तो कोंबड्यांच्या देवीचाच होता, आणि त्याच तंत्रावर पुढे माणसांच्या इन्फ्लुएंझासारख्या रोगांच्या लसी तयार झाल्या. कोंबड्यांची लस तर पुण्यात औंध येथील राज्य शासनाच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत बनते. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात, पंख पसरून सांध्याजवळच्या पातळ कातडीच्या पडद्यात दोन टोकांच्या सुईने ती टोचली जाते. सात ते दहा दिवसांनी त्या जागी बारीक सूज आणि खपली दिसली तर लस लागली असे समजावे. ती दिसली नाही आणि कोंबडी पूर्वी रोग भोगून उठलेली नसेल, तर लस उन्हात खराब झाली किंवा सुई नीट बसली नाही असे मानून पुन्हा टोचावे. ही तपासणी फुकट होते, कोणालाही करता येते आणि तरीही ती क्वचितच केली जाते.

विरोधी मताचा शेवटचा आधार व्यवहाराचा आहे: एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, विरघळवल्यावर ती दोनेक तासांत संपवावी लागते, शीतसाखळी सांभाळावी लागते, मग दहा कोंबड्यांच्या घरासाठी ती कोण फोडणार? अडचण खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. शंभर मात्रांची कुपी एका घरासाठी मोठी असेल, तर ती एका पाड्यासाठी अगदी योग्य आहे. लस जिवंत विषाणूची असल्यामुळे परिसरातील सगळ्या निरोगी पाखरांना एकाच दिवशी टोचणे हेच शास्त्रालाही धरून आहे. साथ सुरू झालेली असली आणि अजून थोड्याच कोंबड्यांना लागण झालेली असली, तरी उरलेल्यांना ताबडतोब टोचून ती अडवता येते. बचत गटांच्या जाळ्यातून तयार झालेल्या पशुसखी, म्हणजे जनावरांच्या प्राथमिक काळजीचे प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच स्त्रिया, हे काम करू शकतात. आणि परसापर्यंत यंत्रणा पोचू शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी फेब्रुवारी २००६ आठवावा, जेव्हा नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर भागात बर्ड फ्लू आढळल्यावर परसातल्या कोंबड्याही घराघरांतून शोधून नष्ट केल्या गेल्या. २०२२ मध्ये लंपीच्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस गोठ्यागोठ्यांत जाऊन गाईबैलांना मोफत टोचली गेली. कोंबडी मारण्यासाठी जी यंत्रणा अंगणात येऊ शकते, आणि गाय वाचवण्यासाठी जी गोठ्यात येऊ शकते, ती कोंबडी वाचवण्यासाठी का येऊ शकत नाही?

मागणीच नाही म्हणून लस पाठवली जात नाही, असे उत्तर यावर मिळते. पण देवी येते आणि जाते असे ज्यांना वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्या बाया मागणी करणार कशाच्या बळावर? परसातल्या कोंबड्यांची देवी ओळखता येते, तिने आंधळी झालेली कोंबडी हाताने भरवून जगवता येते, आणि ती येण्याआधीच अडवता येते, हे तीनही दावे शास्त्राने आणि व्यवहाराने सिद्ध झालेले असताना तिला निसर्गक्रम म्हणणे ही जबाबदारी टाळण्याची रीत आहे. परसात पिल्ले वर्षभर निघत असल्यामुळे एका शिबिराने भागणार नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, तालुक्याच्या दवाखान्याने पाड्यांची यादी करून, कुपी बर्फाच्या डब्यात घेऊन, सकाळी कोंबड्या खुराड्यातून सुटण्याआधी गावात पोचले पाहिजे, आणि दहा दिवसांनी त्याच कोंबड्यांचे पंख उचलून खपली धरली की नाही हे पाहायला कोणीतरी परत आले पाहिजे.